प्रथमा की संबोधन

बेक्सहिल,
१४ नोव्हेंबर २०१०

ती. दादास,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतचा शॉर्टब्रेडचा डबा दोन्ही पोचलं. पत्र अखंड आहे, बिस्किटांचा चुरा झाला आहे. तू भूलतज्ज्ञ, त्यामुळे एकदा बांधलेला रुग्ण वाटेत हलणार नाही असं तू गृहीत धरतोस. चुरा कस्टर्डवर घालून खाल्ला. राल्फनं दोन वाट्या संपवल्या, म्हणजे त्याची भूक परत आली असं मी समजते.

पक्षाघातानंतर तो घरी आला त्याला तीन आठवडे झाले. उजव्या हातापायांचा संप मिटलेला नाही. ऐकलेलं सगळं समजतं. वर्तमानपत्र धरतो आणि अगदी योग्य जागी नाक मुरडतो. पण बोलायला गेला की तोंडातून एकच शब्द निघतो, ‘थर्सडे’. चहा हवा, थर्सडे. खिडकी उघड, थर्सडे. खालच्या मजल्यावरची डोरीन भेटायला आली की असा काही आर्जवानं थर्सडे म्हणतो की ती बिचारी आता दर गुरुवारी केक घेऊन हजर होते. माझं नावही थर्सडेच. बाबांनी स्वर्गातल्या गंगेचं नाव ठेवलं आणि या माणसानं त्याचं ‘मँडी’ करून टाकलं, म्हणून मी पंचवीस वर्षं कुरकुरत आले. आता कुणी मँडी म्हणावं म्हणून कान टवकारून बसते. देवाला विनोदबुद्धी आहे, फक्त ती जरा हलक्या प्रतीची आहे.

आता कामाचं. आमच्या भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली, असं डोरीननं परवा विचारलं. मी म्हटलं, असतील पुष्कळ. ती म्हणाली, अगं बाई, पुष्कळ हे काही वर्षांचं माप नव्हे, मी स्वतः तर गेल्याच साली वाढवून घेतला. मग कपाट उपसलं. फ्लॅट नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर आहे. येत्या पंचवीस मार्चनंतर ऐंशीहून कमी वर्षं उरतील, आणि एकदा ऐंशीच्या आत गेलं की मुदत वाढवायची किंमत जवळजवळ दुप्पट होते. कारण मुदतवाढीनं घराची किंमत जी फुगते तिचा अर्धा वाटा जमिनीच्या मालकाला द्यायचा. या प्रकाराला इंग्रजी कायद्यात काय म्हणतात, सांगू? विवाहमूल्य. पट्ट्याचं आणि जमिनीचं लग्न लागतं म्हणे. हुंडा आम्ही द्यायचा. इतकं आपलं, घरगुती वाटणारं काही मला या देशात आजवर भेटलं नव्हतं.

मार्चच्या आत नोटीस दिली तर आजचा भाव धरतात, आणि तो आमच्या साठवणीत बसतो. नंतरचा बसत नाही. मग घर विकायचं. राल्फचं वय एकाहत्तर, त्याची तब्येत ही अशी. त्याच्यामागे याच घरात, याच खिडकीशी म्हातारं व्हायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. त्याचं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, तेव्हा सही मीच ठोकून देईन. काळजी नसावी.

लोभ आहे तो वाढवावा. त्याला तरी नोटीस लागत नाही.
तुझी,
मंदा


डंडी,
२३ नोव्हेंबर २०१०

चि. मंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं विवाहमूल्य वाचून हसताना चहा सांडला. इथे स्कॉटलंडात घर घेतलं की ते आपलं, पायापासून धुराड्यापर्यंत. तुम्ही इंग्रज लोक घर विकता आणि नव्व्याण्णव वर्षांनी परत मागता. हे घर झालं की वाचनालयाचं पुस्तक?

थट्टा पुरे. उद्याच वकील गाठ. ‘बघू, करू’ ही आपल्या घराण्याची कुलदेवता आहे, तिला यंदा नैवेद्य नको. आणि मला एक सांग, घर एकट्या राल्फरावांच्या नावावर कसं? तू इतकी शिकलेली, सांगलीच्या शाळेत पोरींकडून शब्दरूपं घोकून घेणारी, आणि स्वतःचं नाव घालायला विसरलीस?

त्यांच्या बोलण्याबद्दल धीर धर. माझा जन्म माणसं झोपवण्यात गेला, बोलती करण्यात नाही, पण वाचा सहा महिन्यांनीही परत येते हे मी पाहिलं आहे. पैसे कमी पडले तर लाजू नकोस. शैला गेल्यापासून माझ्याकडे खर्च करायला कुणी नाही. मी एकटा लापशी खातो आणि पेन्शन बँकेत पडून राहते.

राल्फरावांना नमस्कार. गुरुवारी वाचून दाखव.
तुझा,
दादा


बेक्सहिल,
९ जानेवारी २०११

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घर राल्फच्या नावावर का, ते ऐक. ब्याण्णव साली कागद इथे झाले आणि मी सांगलीला बाबांच्या उशाशी बसले होते. परत आले तेव्हा राल्फनं स्टेशनवरच किल्ली हातात ठेवली. किल्ली हातात आल्यावर नाव कुठे आहे हे कोण बघतं? तू बघितलं असतंस. म्हणून तुला कुणी स्टेशनवर किल्ली देत नाही.

वकीलबाई मिळाल्या. मिस टोलहर्स्ट. वय पस्तीसच्या आतलं, सायकलवरून येतात. त्यांनी मुखत्यारपत्र वाचलं, चष्मा काढून पुसला (तो राल्फनंच त्यांना विकलेला, हे घरी सांगितल्यावर त्याची छाती फुगली) आणि म्हणाल्या की या कागदाच्या जोरावर मला नवऱ्याचं घर विकता येईल, बँक रिकामी करता येईल, पण ही एक नोटीस मात्र त्याच्या वतीनं देता येणार नाही. पट्टेदारानं स्वतःच्या हातानं सही करायला हवी. वकिलाची चालत नाही, मुखत्याराची चालत नाही, बायकोची तर नाहीच नाही. मी मनात म्हटलं, या कायद्याला प्रयोजक नको, कर्ताच हवा. व्याकरण चोख आहे, माणुसकी यथातथा.

मग फुली चालेल का, असं विचारलं. चालेल म्हणाल्या. हात त्याचा हवा आणि सही करतोय हे मनात हवं, बास. मी खुशीत घरी आले. पण फुलीचं नाव काढताच राल्फ जो भडकला! चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस. त्याच्या हिशेबी फुली म्हणजे चुकलेलं अक्षर. तीनदा थर्सडे म्हणाला. तिसरा बहुधा शिवीचा होता.

तेव्हापासून डाव्या हाताला शाळेत घातलं आहे. वाचा शिकवायला येणारी वेल्श पोरगी रेघांची वही घेऊन येते. राल्फचा आर जमतो. पेलिंगचा पी काढला की त्याचं पोट पाठीकडे येतं, मग स्वतःच हसतो, मग एकदम हसू मावळतं आणि खिडकीबाहेर बघत बसतो. अशा वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवते.

एक गंमत सांगायची राहिली. मुदत वाढली की जमिनीचं वार्षिक भाडं फक्त एक मिरीचा दाणा, तोही मालकानं मागितला तर. इथल्या कायद्यात तसंच लिहिलेलं आहे. मी म्हटलं, दादा, मिऱ्यांपायी हे लोक आपल्या दारात आले होते, आता फेडताहेत दाण्यादाण्यानं.

मायेत खंड नसावा.
तुझी,
मंदा


डंडी (पोस्टकार्ड)
२० फेब्रुवारी २०११

चि. मंदास आशीर्वाद. पीचं पोट कुठे आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नसावं. तू जन्मजात मास्तरीण आहेस, पण नवऱ्याचे शुद्धलेखनाचे मार्क कापत बसू नकोस. मार्च उजाडतोय. जशी येईल तशी सही घे आणि पाठव. इथे गुडघाभर बर्फ आहे. माझी चिंता नको.
दादा


बेक्सहिल,
२१ मार्च २०११

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नोटीस गेली. मुदतीच्या आत पोचलीही. आता काय झालं ते सांगते, हसायचं की नाही ते तू ठरव.

बुधवारी मिस टोलहर्स्ट स्वतः घरी आल्या. राल्फनं कोट मागितला, टायही मागितला. टाय मी बांधला, म्हणून वाकडा. डोरीन आत चहा करत होती आणि कान बाहेर ठेवून होती. बाईंनी एकेक कलम सावकाश वाचलं, कळलं का असं प्रत्येक वेळी विचारलं. तो मान डोलावत होता. किमतीच्या आकड्याशी त्यानं नाक मुरडलं, तेव्हा याला सगळं नीट कळतंय अशी बाईंची खात्रीच पटली. मग त्या म्हणाल्या, मिस्टर पेलिंग, आता इथे आपलं नाव लिहा.

त्यानं डाव्या हातात पेन घेतलं आणि लिहिलं. पाच इंग्रजी अक्षरं. सुवाच्य, ओळीत, एकाही अक्षराचं पोट इकडचं तिकडे न होता. मँडी.

सगळी वही आर आणि पीनं भरली, आणि ऐन परीक्षेत हे. मी त्याला चूक दाखवली. बाईंनी दुसरी प्रत पुढे सरकवली. त्यानं ती पाहिली, पेन कोटाच्या वरच्या खिशात खोचलं आणि थर्सडे म्हणाला, दुकानाला कुलूप लावल्यासारखा. मग काही केल्या पेन बाहेर काढीना. बाई म्हणाल्या की कायदा हात मागतो, स्पेलिंग मागत नाही. तीच प्रत रजिस्टर्ड पोस्टानं गेली.

शुक्रवारी पहाटे त्याला दुसरा झटका आला. मी इस्पितळातूनच लिहिते आहे. डोळे उघडतो पण मी कोण ते कळतं की नाही, सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहू. तू धावत येऊ नकोस. आलास तर लोकरी मोजे आण, इथले पातळ असतात.

आठवण असू दे.
मंदा


बेक्सहिल,
११ मे २०११

ती. दादास,
सकाळी फोनवर आवाज लागला नाही, म्हणून लिहिते. राल्फ गेला. मी हात धरून बसले होते, डावा. आज बुधवार. गुरुवारपर्यंत थांबला नाही.
ये.
मंदा


डंडी,
१४ जून २०११

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

परत येऊन आठवडा झाला. तुला एकटं टाकून गाडीत बसलो ते मनाला लागून राहिलं आहे. डोरीनबाईंनी वाटेसाठी दिलेली मांसाची भाकरवडी, म्हणजे ते जे काय असतं ते, यॉर्कपर्यंत पुरलं. बाई सोन्यासारखी आहे, फक्त बोलताना श्वास घेत नाही.

टोलहर्स्टबाईंच्या पत्राची नक्कल मिळाली. तू फोनवर नुसतं हूं म्हणालीस, म्हणून मला जे कळलं ते लिहितो, चुकलं तर सांग. मालक कंपनीनं नोटीस फेटाळली. पट्टेदार राल्फ पेलिंग, सही कुणा मँडीची, म्हणून ती अवैध. बाईंचं म्हणणं, कोर्टात आपण जिंकू, फक्त तू शपथेवर लिहून द्यायचं की ‘माझ्या नवऱ्यानं तो शब्द स्वतःची सही म्हणूनच लिहिला.’ स्वतः बाई फक्त एवढंच सांगू शकतात की त्यांनी लिहा म्हटलं आणि त्यानं लिहिलं. त्याच्या मनात काय होतं, ते त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं राहिलेलं माणूसच सांगू शकतं. तुझ्या एका वाक्यावर मार्चचा भाव मिळतो आणि घर राहतं. नाहीतर वारस म्हणून तू नव्यानं नोटीस द्यायची, दुप्पट मोजून.

मग अडलं कुठे? दे की लिहून. सही करायला सांगितलं, त्यानं लिहिलं, काम झालं म्हणून पेन खिशात खोचलं. मी असतो तर डोळे मिटून शपथ घेतली असती. डोरीनबाई तर मला म्हणाल्या की त्या स्वतः खोलीत होत्या असं बायबलवर हात ठेवून सांगायला तयार आहेत, चहा काय, तो आपोआपही उकळतो. आणि मंदा, त्या माणसानं टाय का मागितला असेल? तू त्या घरात राहावंस म्हणूनच ना? मग त्याची शेवटची इच्छा तू कुठल्या सोवळ्यापायी मोडतेस?

उलट टपाली उत्तर दे.
तुझा,
दादा


बेक्सहिल,
३ जुलै २०११

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू संस्कृतात रामः, रामौच्या पुढे कधी गेला नाहीस. बाबांनी घरी घेतलेल्या परीक्षेत माझ्या पाटीवरचं उतरवून पास झालास, ही गोष्ट मी बाबांना शेवटपर्यंत सांगितली नाही. त्या उपकाराच्या मोबदल्यात आज थोडं व्याकरण ऐकून घे.

आठ विभक्त्या आपण घोकतो, पण आठवी खरी विभक्तीच नाही. ती संबोधनाची, हाक मारायची. तिला स्वतःचं घर नाही, ती प्रथमेच्या घरात भाड्यानं राहते. बहुतेक वेळा दोघी इतक्या सारख्या दिसतात की वाक्यात उभं केल्याशिवाय ओळखू येत नाहीत. माझ्या नावाचं मात्र तसं नाही. प्रथमेत मी ‘मन्दाकिनी’, शेवट दीर्घ. हाक मारली की ‘हे मन्दाकिनि’, शेवट ऱ्हस्व. बाबा मला नेहमी ऱ्हस्वच म्हणायचे. नदीला हाक मारताना ती आखूड होते, कारण ती जवळ आलेली असते, असं काहीतरी ते सांगत. व्याकरणात याला आधार नाही. इंग्रजीत मात्र ऱ्हस्वदीर्घाची सोयच नाही. त्या कागदावर मँडी लिहिलं आहे. प्रथमा की संबोधन? सही की हाक? कोर्टाला हेच हवं आहे, आणि मला वाक्यात उभं करून सांगायचं आहे.

मार्चच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. बाईंनी नाव लिहा म्हटल्यावर त्यानं कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग मान खाली घालून लिहिलं. लिहून झाल्यावर कागद टेबलावर माझ्या दिशेनं फिरवला. बाई समोर होत्या, मी बाजूला होते. सहीचा कागद कुणी बायकोकडे फिरवतो का? आणि पुन्हा वर पाहिलं, मी ओ देण्याची वाट पाहत.

मी काय केलं ठाऊक आहे? हसले. म्हटलं, अरे वेड्या, तुझं नाव लिही, तुझं. इतक्या महिन्यांनी त्यानं मला नावानं हाक मारली आणि मी त्याचा पेपर तपासला. तू पोस्टकार्डावर लिहिलं होतंस तेच. त्याचा चेहरा पडला की नाही, हे मला आठवत नाही, कारण मी दुसरी प्रत सरळ करत होते. पेन खिशात गेलं ते त्यानंतर. तुला ते काम झाल्यासारखं वाटतं. मला ते पुन्हा न बोलण्यासारखं वाटतं.

कदाचित तू म्हणतोस तेच खरं असेल. सही मागितली, हातातून जे निघालं ते निघालं. मेंदूच्या कुठल्या तारा कुठे जुळल्या ते तुम्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण मला ज्या वाक्यावर शपथ घ्यायची आहे त्यात ‘कदाचित’ नाही. त्यात लिहायचं आहे की तो शब्द त्याची सही होती, म्हणजे माझं नाव नव्हतं, म्हणजे मला कुणी हाक मारली नाही. घर राहील. पण त्या घरात रोज सकाळी उठून मला हे खरं मानून चहा करावा लागेल.

आणि तुझे पैसे नकोत. विवाह राहिला नाही, आता मूल्य तेवढं भावाकडून घेऊन भरायचं? डोरीनला सांगितलं आहे की बायबल कपाटात राहू दे.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र लिही.
मंदा


डंडी,
११ जुलै २०११

चि. मंदास,

रागावलो होतो. पत्र चार दिवस खिशात घेऊन नदीकाठी फिरलो. उत्तराचे मुद्दे काढले, चांगले निघाले होते. आज सकाळी लापशी ढवळताना एक गोष्ट आठवली आणि मुद्दे राहिले तिथेच.

शैला गेली त्या दुपारी शुद्धीवर होती. मी शेजारीच होतो. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, ती खिडकी लावा, वारा येतोय. मी उठून खिडकी लावली. परत येऊन बसलो तोवर संपलं होतं. गेली आठ वर्षं मी त्या वाक्यात माझं नाव शोधतोय. नाही. ‘अहो’सुद्धा नाही. नुसती खिडकी आहे. त्यात तिचा काय दोष, वारा येतच होता.

तुला हाक आली. ती तू कागदावर कुणाला देऊ नकोस. मी लिही म्हणालो होतो ते शब्द मागे घेतो.

खालच्या मजल्यावरची बागेकडची खोली रिकामी आहे. समुद्र नाही, पण टे नदी समुद्राइतकीच रुंद आहे आणि तितकीच थंड. इथे पट्टा वगैरे नाही. मी तोंडानं सांगितलं की खोली तुझी, की तुझी. मात्र माझं व्याकरण सुधारायचं नाही, ही अट राहील.

कधी येतेस ते कळव.
तुझा,
दादा


बेक्सहिल,
१६ ऑक्टोबर २०११

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फ्लॅट गेला. घेणारं जोडपं तरुण आहे, दोघं दातांचे डॉक्टर. खिडकीपाशी उभे राहून बराच वेळ समुद्राकडे पाहत होते, आणि मग मुलगी हळूच म्हणाली की स्वयंपाकघर पाडून मोठं करता येईल. मी म्हटलं, जरूर करा. भाव कमी आला, ऐंशीच्या आतल्या घराला येतो तेवढाच. तक्रार नाही. डोरीन मात्र तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, हा या इमारतीतला विक्रम आहे. चौथ्या दिवशी केक घेऊन आली आणि एकटीच रडली, मला रडू दिलं नाही.

मिस टोलहर्स्टना मी माझं म्हणणं लेखी दिलं, फक्त त्यांना हवं होतं ते नव्हे. नवऱ्यानं तो शब्द का लिहिला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, एवढंच. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की वकील म्हणून त्यांचा सल्ला याच्या उलट होता, तो त्यांनी दिला, आता फाइल बंद. सायकलवर बसताना हेल्मेट घालायला विसरल्या, मी खिडकीतून हाक मारून सांगितलं.

मी त्यांना शेवटचं एकच काम सांगितलं होतं. नोटीस अवैध ठरली, म्हणजे त्या कागदाचा कंपनीला काही उपयोग उरला नाही. मग ती मूळ प्रत परत मागा. दोनदा लिहावं लागलं. काल आली, साध्या लिफाफ्यातून, घडी मोडलेली, एका कोपऱ्याला चहाचा डाग. आता ती नोटीस नाही, कागदपत्र नाही, कुठल्या खटल्यात लागत नाही. राल्फच्या हातचा माझ्या नावाचा एक शब्द आहे, आणि तो कुणाला द्यायचा नाही.

त्या शब्दाशेजारी कंपनीतल्या कुणीतरी बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, ‘ही कोण?’ मी खोडरबर शोधला. सगळं सामान खोक्यांत गेलेलं, सापडला नाही. मग हातानं पुसायला गेले आणि थांबले. कारकुनाचा प्रश्न रास्त आहे. त्याच्याखाली माझ्याजवळच्या बॉलपेननं लिहिलं, ‘ओ.’

शनिवारच्या गाडीनं निघते, संध्याकाळी पोचेन. स्टेशनवर ये. किल्ली आणलीस तर बरं, नाही आणलीस तरी चालेल. यापुढे लोभ असावा असं लिहायची गरज पडणार नाही, समोरासमोर भांडू.
तुझी,
मंदाकिनी